१९५२ : जाहीरनामा आणि पेटी

निवडणूक आली की आमच्या वस्तीत जाहीरनाम्यांचा पूर येतो. ज्यांनी पाच वर्षांत गल्लीतली गटार बघितली नाही, त्यांच्याही कागदावर बाबासाहेबांचा फोटो. गेल्या खेपेला अभ्यासवर्गात आम्ही हे सगळे कागद शेजारीशेजारी मांडून वाचायला बसलो अन् दोन पोरं एकमेकांच्या अंगावर गेली. एक म्हणाला, डाव्यांचा कार्यक्रम आपल्या पोटाच्या जवळचा आहे. दुसरा उसळला, डाव्यांनीच बाबासाहेबांना पाडलं! पहिल्यानं विचारलं, कधी? कुठं? किती मतांनी? त्याला सांगता येईना. मलाही येईना. शिवी तोंडपाठ होती, आकडा नव्हता.

मी सोलापूरकडच्या एका सूतगिरणीत डॉफर आहे. भरलेल्या बॉबिनी काढायच्या, रिकाम्या लावायच्या, हे माझं काम. इतिहासाचा प्राध्यापक नाही. पण रात्रपाळी सुटल्यावर वाचनालयात बसून १९५१-५२ ची पहिली लोकसभा निवडणूक वाचून काढली. ती इथं मांडतो. चुकलो तर कान धरा.

पहिल्यांदा कागद बघू. २७ सप्टेंबर १९५१ ला बाबासाहेबांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिल काँग्रेसनं चार कलमांवर गुंडाळून ठेवलं, हे त्यातलं मोठं कारण. पुढच्याच महिन्यात शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा जाहीरनामा आला. मित्रांनो, तो मिळवून वाचा. मला वाटलं होतं, राखीव जागा, शिष्यवृत्त्या, वसतिगृहं एवढंच असेल. निघालं भलतंच. आपला पक्ष कुठल्याही पोथीला बांधलेला नाही, साम्यवादाच्या नाही अन् गांधीवादाच्याही नाही, असं त्यात स्वच्छ म्हटलंय. शेती मोठ्या तुकड्यांची अन् यंत्रांची हवी. विम्याचं राष्ट्रीयीकरण हवं. लष्कराचा खर्च कमी करा. दारूबंदी उठवा. संततिनियमनाचा प्रचार करा. अन् मिठावरचा कर परत बसवा!

मिठावरचा कर! ज्या मिठावर गांधींनी सारा देश उठवला, ज्याचा कर १९४७ मध्ये गेला, तो परत लावा असं मतं मागायच्या कागदावर लिहायचं, याला छाती लागते. सरकारला शाळांना पैसा हवा तर तो कुठून येणार हे आधी सांगा, असा तो हिशेब. आजचा एक जाहीरनामा दाखवा ज्यात पैसा कुठून आणणार हे लिहिलंय. यंत्रशेतीचं मात्र मला पटत नाही. ज्याच्या दावणीला बैल नाही त्याला ट्रॅक्टरचं चित्र दाखवून काय होणार? पण हे मी आज बसून बोलतोय.

बाकीच्यांचं थोडक्यात. काँग्रेसकडे नियोजन, जमीनदारी निर्मूलन, निधर्मी राज्य होतं, अन् नेहरू होते. कम्युनिस्टांना ब्रिटिश भांडवल जप्त करून जमीन कसणाऱ्याला द्यायची होती. तेलंगणाचा सशस्त्र लढा त्यांनी ऑक्टोबर १९५१ मध्येच मागं घेतला होता. समाजवाद्यांचा कागद मला सगळ्यात गोड वाटला, जमिनीचं फेरवाटप, बँका-खाणी सरकारच्या. जनसंघ ऑक्टोबरमध्ये नुकताच जन्मला होता, त्याला अखंड भारत अन् गोरक्षण हवं होतं. हिंदू महासभा अन् संघवाल्यांशी हातमिळवणी नाही, कम्युनिस्टांशीही नाही, हे फेडरेशननं आपल्या जाहीरनाम्यातच लिहून टाकलं. राहिले समाजवादी. त्यांच्याशी युती झाली.

आता पेटी. हे नीट समजून घ्या, कारण सगळी गोम इथं आहे. त्या वेळी कागदावर शिक्का मारायचा नव्हता. दर उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह. काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचं वडाचं झाड, कम्युनिस्टांचं कणीस-विळा, आपला हत्ती. देशात ८६ मतदारसंघ दुहेरी होते, एक जागा सर्वसाधारण अन् एक राखीव. तिथं मतदाराला दोन मतपत्रिका. पण दोन्ही एकाच पेटीत टाकायच्या नाहीत. टाकल्या तर एक बाद. म्हणजे ज्याला आपलाच माणूस वर काढायचा अन् दुसऱ्या कुणाला मदत होऊ द्यायची नाही, त्यानं दुसरी मतपत्रिका वाया घालवायची. याला लोक मत कुजवणं म्हणायचे. शब्द बघा. कुजवणं.

उत्तर मुंबई असाच दुहेरी मतदारसंघ. गिरण्यांची वस्ती यातच. राखीव जागेला बाबासाहेब अन् काँग्रेसचे नारायण काजरोळकर. सर्वसाधारण जागेला काँग्रेसचे व्ही. बी. गांधी, समाजवाद्यांचे अशोक मेहता, कम्युनिस्टांचे श्रीपाद अमृत डांगे. मतदान जानेवारी १९५२ मध्ये झालं. बाबासाहेबांना १ लाख २३ हजार ५७६ मतं, काजरोळकरांना सुमारे १ लाख ३८ हजार. चौदा हजारांवर मतांनी घटनेचा शिल्पकार पडला. त्याच मतदारसंघात ७४,३३३ मतपत्रिका बाद झाल्या. बाबासाहेब अन् मेहता दोघांनी मिळून निवडणूक अर्ज केला. डांग्यांनी मतदारांना दुसरं मत कुजवायला सांगितलं, हा त्यातला आरोप. अर्ज फेटाळला गेला.

माझा पणजा मुंबईत एका गिरणीच्या थ्रॉसलखात्यात होता. विणखात्यात त्याला प्रवेश नव्हता. तिथं पगार जास्त, पण धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, अन् महाराच्या तोंडचा धोटा सवर्ण विणकरानं तोंडाला लावायचा कसा? १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल लाल बावट्याच्या पुढाऱ्यांपुढं ठेवला, तेव्हा आढेवेढे घेत तो मागण्यांत आला. तरीही ७ नोव्हेंबर १९३८ ला, काँग्रेस सरकारच्या संपविरोधी बिलाच्या वेळी, बाबासाहेब अन् डांगे कामगार मैदानात एका व्यासपीठावर उभे होते. पणजा त्या सभेला गेला होता, असं आजा सांगायचा. म्हणून १९५२ चा घाव आमच्या घरात परक्यानं घातलेला नव्हता. कामगार एक व्हा म्हणणाऱ्यानं घातला, असंच आजा म्हणायचा.

इथपर्यंत आमच्या अभ्यासवर्गातल्या दुसऱ्या पोराचं बरोबर होतं. पण मी आकड्यांवर आणखी एक रात्र घालवली. आपले दोस्त मेहता. त्यांना मतं किती? सुमारे १ लाख ३९ हजार. म्हणजे बाबासाहेबांपेक्षा सोळा हजारांच्या आसपास जास्त. वडाच्या झाडाला मत देणाऱ्या प्रत्येकानं दुसरी मतपत्रिका हत्तीच्या पेटीत टाकली असती तर काजरोळकर पडले असते. युती होती, जाहीरनामा गोड होता, सभांना हारतुरे होते. तरी ती सोळा हजार माणसं हत्तीच्या पेटीपाशी आली अन् त्यांचा हात वळला नाही. त्यांना कुणी कुजवायला सांगितलं नव्हतं. आपण डांग्यांना सत्तर वर्षं शिव्या घातल्या, या सोळा हजारांवर कुणी ब्र काढत नाही. जाहीरनाम्यात समता लिहिणं सोपं. आपल्या सवर्ण मतदाराला दुसरं मत महाराच्या पेटीत टाकायला लावणं, ही पक्षाची परीक्षा. तीत लाल बावटा नापास झाला अन् वडाचं झाडही.

सगळीकडे असंच झालं असं नाही. आमचं सोलापूरही दुहेरी. इथून शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे अन् फेडरेशनचे पां. ना. राजभोज दोघंही निवडून आले. सबंध देशात हत्तीला लोकसभेच्या दोनच जागा मिळाल्या, ही एक अन् हैदराबाद राज्यातली करीमनगर. काँग्रेसला ४८९ पैकी ३६४. १९५४ ला बाबासाहेब भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले. तीही दुहेरी. कार्यकर्ते म्हणाले, साहेब, दुसरं मत कुजवू द्या. त्यांनी नकार दिला, असं जुने लोक सांगतात. बाबासाहेब पुन्हा पडले. अशोक मेहता निवडून आले.

मग १९५७. संयुक्त महाराष्ट्राची लाट. मध्य मुंबई, पुन्हा गिरण्यांची वस्ती, पुन्हा दोन पेट्या. सर्वसाधारण जागेवर निवडून आले डांगे. अन् राखीव जागेवर, त्याच मतदारसंघात, फेडरेशनचे गोपाळ माने. पाच वर्षांपूर्वी जे हात वळत नव्हते ते वळले. बाबासाहेबांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. १९६१ ला कायदा होऊन दुहेरी मतदारसंघच गेले, त्यामुळे कुणाचा हात कुठं थांबतो हे मोजायची सोयही गेली.

परवा मी हे सगळं वहीतून अभ्यासवर्गात वाचून दाखवलं. दोघं पोरं गप्प बसली. मग दुसरा म्हणाला, ते मेहतांचे आकडे जरा परत सांग. अन् पहिल्यानं कागद पुढं ओढून लिहून घेतले.