एका डबीत अनेक राज्ये

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपल्या बोलण्यात जुनी नाणी अजून खेळती आहेत. कुणाजवळ दमडीही नसते, कुणाचे म्हणणे सोळा आणे खरे ठरते, कुणी बंद्या रुपयासारखा वाजतो. दमडी आणि आणे बाजारातून केव्हाच गेले, भाषेतून मात्र गेले नाहीत. मी नाण्यांकडे वळलो तो याच वाटेने. कवीला शब्दांचा नाद असतो. शब्द ज्या वस्तूवरून आला, ती एकदा तळहातावर घेऊन पाहावी, एवढीच सुरुवातीची इच्छा होती. पुढे तिचा छंद झाला.

संग्रह म्हटले की पहिला प्रश्न येतो, ‘सोन्याची किती?’ दुसरा जरा हळू आवाजात येतो, ‘तुमच्या लोकांची कोणती?’ पहिल्याचे उत्तर सोपे आहे. सोने श्रीमंतांच्या तिजोरीत राहिले. बाजारहाट तांब्याने केला. सामान्य माणसाचा इतिहास हवा असेल तर झिजलेले तांबे जमवावे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मात्र सगळी डबी उघडावी लागते.

सुरुवात नाशिकपासून करू. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलथेंबी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. नाणी तेरा हजारांहून अधिक होती आणि सगळी क्षत्रप राजा नहपानाची. एका बाजूला राजाचा मुखवटा, भोवती ग्रीक अक्षरे; दुसऱ्या बाजूला ब्राह्मी आणि खरोष्ठी. इवल्याशा नाण्यावर तीन लिप्या! त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवला होता. शत्रूची नाणी त्याने वितळवली नाहीत; त्यांवरच आपली खूण मारली आणि ती चालू ठेवली. नव्या ठशाखाली जुन्या राजाचे नाक, ओठ अजून दिसतात. गौतमीपुत्राने नहपानाचा पराभव केला, याचा हा ठोस पुरावा. साठा सोनाराच्या मुशीत गेला असता, तर ही साक्ष कायमची बुजली असती.

आमचे पार्ले साष्टी बेटावरचे. मुंबई आणि साष्टीत कलचुरी राजा कृष्णराजाची चांदीची नाणी सापडली आहेत. एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला बसलेला नंदी. राजा सहाव्या शतकातला. पण आठव्या शतकाच्या आरंभीच्या अंजनेरी ताम्रपटात ‘कृष्णराजरूपक’ हे चलन म्हणून आले आहे. राजा जाऊन दीडशे वर्षे झाली, तरी त्याचा रुपया चालत होता. पुढे १५३४ मध्ये साष्टी पोर्तुगिजांकडे गेली, १७३७ मध्ये मराठ्यांकडे आली, १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतली. कोकणच्या बंदरांत तर लारी नावाचे चलन होते. लारी म्हणजे केसांच्या आकड्यासारखी दुमडलेली चांदीची तार. नाव इराणातल्या लार शहराचे, पण विजापूरच्या आदिलशहांनीही ती पाडली. माणसाने घर बदलले नाही, तरी त्याच्या कनवटीचे नाणे बदलत गेले.

आता अक्षरांकडे येऊ. लहानपणी कुराण वाचण्यासाठी मी अरबी अक्षरे शिकलो. ती नाण्यांवरचे फारसी लेख लावताना उपयोगी पडली. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या तांब्याच्या नाण्यावर एका बाजूला हजरत अलींचे नाव येते आणि दुसऱ्या बाजूला त्याच लिपीत ‘इब्राहिम अबला बली’. अबलांचे बळ, असा त्या बिरुदाचा अर्थ सांगतात. ‘अली’ला ‘बली’ हे यमक जुळते, हे कवीच्या कानाला कसे सुटेल?

त्याच्या शेजारी शिवराई ठेवा. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, भोवती टिंबांचे वर्तुळ. आजूबाजूला फारसी नाणी चालत असताना शिवाजी महाराजांनी नागरी अक्षरे निवडली, हे लहान काम नव्हते. ही शिवराई एकोणिसाव्या शतकातही गावोगाव चालत होती. मग तिच्याशेजारी पुण्याचा अंकुशी रुपया ठेवा. अंकुश मराठ्यांचा, लेख फारसी आणि नाव दिल्लीच्या बादशहाचे! कंपनी सरकारही त्या काळी बादशहाच्याच नावाने रुपये पाडत होते. १८३५ मध्ये सगळ्या मुलखासाठी एकसारखा रुपया आला आणि त्यावर इंग्लंडच्या राजाचा चेहरा बसला.

आता सांगा, यांतली ‘माझ्या लोकांची’ कोणती? फारसी अक्षरांचा अंकुशी रुपया कुणाचा? संस्कृत शब्द मिरवणारे विजापूरचे तांबे कुणाचे? एकाच प्रकारची नाणी जमवली, तर इतिहास सरळ आणि सोयीचा दिसतो. डबीत वेगवेगळी राज्ये शेजारी शेजारी ठेवली, की ती एकमेकांची खरी हकिकत सांगू लागतात. म्हणून संग्रह मिसळीचा असावा.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांना चार गोष्टी सांगतो. नाणे चिंचेने किंवा आम्लाने घासू नये. काळपट थर हेच त्याचे चिलखत. प्रत्येक नाण्याला कागदाची वेगळी पुडी करावी आणि तिच्यावर वजन, तारीख, मुख्य म्हणजे मिळाल्याचे ठिकाण लिहावे. ठिकाण हरवलेले नाणे म्हणजे गाव विसरलेला माणूस. कुणी स्वस्तात शिवकालीन होन देऊ लागले, तर हात आखडावा. होन दुर्मीळ आणि त्याच्या नकला फार. जमिनीत पुरलेला साठा सापडला, तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्यामुळे खासगी व्यक्तीला परदेशी नेता येत नाही. आणि विकत घेण्याआधी डोळा तयार करावा. रिझर्व्ह बँकेने २००४ मध्ये फोर्टात नाण्यांचे संग्रहालय उघडले. अंजनेरीला डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांच्यासारख्या विद्वानाने नाणकशास्त्राची संशोधन संस्था उभी केली. ज्या डोंगराच्या नावाचा ताम्रपट कृष्णराजाच्या रुपयाची आठवण सांगतो, तिथेच हे काम व्हावे, हा मोठा छान योग.

शेवटी एक विनंती. जुने घर आवरताना देवघराच्या कोनाड्यात, आजीच्या बटव्यात चार काळी तांब्याची नाणी निघतात. मोडीच्या दुकानात ती किलोच्या भावाने जातात आणि वितळतात. तसे करू नका. त्यांतले एखादे शिवराई असेल, एखादे विजापूरचे. बटव्यात ती कित्येक वर्षे एकमेकांशेजारी राहिली. आजीने त्यांना कधी वेगळे केले नाही. तुम्ही फक्त एक पुडी घ्या, तिच्यावर आजीचे नाव, गाव आणि आजची तारीख लिहा. संग्रह झालाच सुरू.