संगणक आणि हौशी रेडिओयंत्र : आज्ञाभाषांचा इतिहास

हौशी रेडिओचालकास आपला ट्रान्सीव्हर, म्हणजे प्रेषक-ग्राहक यंत्र, संगणकाकरवी चालवावयाचे असल्यास प्रथम यंत्राचे नाव, जोडणीचा पोर्ट, प्रेषणवेग आणि क्वचित यंत्राचा पत्ताही आज्ञावलीस कळवावा लागतो. या नोंदींमागे केवळ तांत्रिक गरज नसून एक इतिहास आहे.

१९८० ते १९९० या दशकात यायेसू, आयकॉम व केनवुड या जपानी उत्पादकांनी ही सोय उपलब्ध केली; परंतु प्रत्येकाची आज्ञाभाषा निराळी होती. १४.०७४ मेगाहर्ट्झ ही एकच वारंवारता केनवुडच्या यंत्रास साध्या अक्षरांकांत, अखेरीस अर्धविराम देऊन, कळवावी लागे; यायेसूच्या एफटी-८१७ या यंत्रास पाच बाइटांत; तर आयकॉमच्या यंत्रास पत्त्यासह आणि अंकजोड्यांचा क्रम उलटवून. एकाच तारेवर अनेक यंत्रे जोडता यावीत, हा त्या पत्त्याचा हेतू होता. साहजिकच आज्ञावली रचणाऱ्या प्रत्येकास या सर्व भाषा नव्याने आत्मसात कराव्या लागत.

२००० साली आरंभ झालेल्या हॅमलिब या मुक्त प्रकल्पाने दुभाष्याचे कार्य पत्करले. त्यामुळे भेद मिटले नाहीत. ते केवळ एका ठिकाणी एकवटले. उत्पादकांनी न साधलेल्या एकवाक्यतेचा भार अशा रीतीने स्वयंसेवकांनी उचलला, आणि यंत्राचे नाव निवडण्याची ती पहिली नोंद आजही त्याचीच साक्ष देते.