एका रंगात अख्खा तालुका कसा मावणार?

पावसाळ्यात आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक नकाशा हमखास फिरतो. पुणे जिल्हा, त्यात तालुके, आणि प्रत्येक तालुक्याला एक रंग. जुन्नर हिरवा, आंबेगाव हिरवा, म्हणजे पाऊस चांगला झाला. आणे पठारावरच्या किंवा लोणी-धामणीच्या माणसाने तो बघितला की तो विचारणारच, "कुणाच्या रानात पडला बाबा हा पाऊस?"

त्याचं बरोबर आहे. भीमाशंकर-आहुप्याच्या बाजूला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पूर्वेला गेलं की तो सहाशेच्या आतबाहेर येतो. दोन्हींची सरासरी काढा, अठराशे येते. एवढा पाऊस ना आहुप्याला पडतो, ना धामणीला. तरी नकाशात रंग भरताना तोच आकडा धरला जातो.

आपल्या भागाला हे आज कळलंय असं नाही. १८२४ साली मुंबई सरकारने विल्यम साइक्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमलं. हा गडी कचेरीत बसून राहिला नाही. १८२८ मध्ये तो नाणेघाटात पोचला आणि तिथल्या सातवाहनकालीन शिलालेखाकडे त्याने इंग्रज अभ्यासकांचं लक्ष वेधलं. हरिश्चंद्रगडाच्या कड्यावरून दिसणाऱ्या गोल इंद्रधनुष्याची नोंदही त्याचीच. दख्खनच्या हवामानावरचा त्याचा लेख १८३५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. पुढे १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरने जिल्ह्याचं वर्णन पश्चिमेकडून पूर्वेकडे पट्ट्यापट्ट्यांत केलं: घाटालगतचा मावळ, मधला बदलता पट्टा आणि पूर्वेचा कोरडा देश. म्हणजे आपला भाग उभ्या पट्ट्यांचा आहे हे तेव्हाच कागदावर आलं होतं. पण पाऊस मोजायचं भांडं तालुक्याच्या कचेरीत, हिशेबाची वहीही तिथेच. त्यामुळे कारभारात आकडा तालुक्याचाच चालत राहिला.

आता नकाशांचाही थोडा इतिहास बघू. प्रत्येक हद्दीला एक रंग किंवा छटा द्यायची पद्धत शार्ल द्युपाँ याने १८२६ मध्ये फ्रान्समधल्या शिक्षणाचा नकाशा काढताना वापरली. शिक्षणाला ती शोभते, कारण शाळकरी मुलांची मोजणी जिल्हावारच होते. त्याच्या आधी १८१७ मध्ये हुंबोल्टने सारख्या तापमानाची ठिकाणं रेषेने जोडली होती. पावसाला, थंडीला ही रेषांची पद्धत बरी, कारण ढग तालुक्याची शीव बघून थांबत नाही. आणि १८५४ च्या कॉलऱ्यात लंडनच्या डॉक्टर जॉन स्नोने एकेक मृत्यू त्या त्या घरापाशी नकाशावर मांडला. मग सगळी गर्दी ब्रॉड स्ट्रीटच्या एका पंपाभोवती दिसली. तेच मृत्यू वॉर्डवार बेरीज करून रंगवले असते, तर पंप दिसलाच नसता.

ह्या तीन पद्धती काही विद्वानांपुरत्या नाहीत. आपल्या पोरांच्या नववीच्या भूगोलात पहिलाच धडा आहे, 'वितरणाचे नकाशे'. टिंब पद्धत, क्षेत्रघनी पद्धत, समघनी पद्धत. पोरं ते मार्कांसाठी पाठ करतात आणि मोठी माणसं विसरून जातात. विसरल्याची किंमत मात्र आपल्यालाच मोजावी लागते.

धरणांचंच घ्या. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. दर वर्षी टक्केवारीचे खांब फिरतात. वडज १०० टक्के, खांब आभाळाला टेकलेला. डिंभे १० टक्के, खांब जमिनीलगत. पण डिंभ्याचा उपयुक्त साठा साधारण साडेबारा टीएमसी आणि वडजचा सव्वा टीएमसीच्याही आत. म्हणजे भरलेल्या वडजमध्ये जेवढं पाणी, जवळपास तेवढंच दहा टक्क्यांच्या डिंभ्यात. आवर्तनावरून आपण आणि खालचे तालुके भांडतो ते टीएमसीवर, आणि चित्र बघतो टक्क्यांचं! इथे खांब टीएमसीचेच हवेत. पूर्ण क्षमतेचा पोकळ खांब काढावा आणि आजचा साठा त्यात भरून दाखवावा. एका नजरेत दोन्ही कळतं.

माळीणची आठवण काढल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. ३० जुलै २०१४. दीडशेच्या वर माणसं गाडली गेली. नेहमीच्या जागी गाव दिसेना, तेव्हा एसटीच्या चालकाने खबर दिली. एखाद्या नकाशाने ती माणसं वाचली असती, असं मी म्हणणार नाही. पण तालुक्याच्या पावसाच्या नकाशात माळीणसारखी जागा कधीच दिसत नाही, एवढं नक्की. तिथं समोच्च रेषांचा नकाशा लागतो, डोंगराचा उतार लागतो, त्यावर वाड्यांची टिंबं आणि त्या खोऱ्यातला पाऊस. हे एकावर एक ठेवलं तरच "धोका कुठल्या वाडीला?" हा प्रश्न तरी विचारता येतो.

सरकारलाही हे मान्य करावं लागलंच. २०२३ मध्ये आधी ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. बाकीच्यांनी ओरड केल्यावर उरलेल्या तालुक्यांतली १०२१ महसूल मंडळं दुष्काळसदृश ठरवली गेली. निकष होता सरासरीच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी आणि ७५० मिलिमीटरपेक्षाही कमी पाऊस. पाऊस तोच होता, मोजायचं एकक तेवढं तालुक्याऐवजी मंडळ झालं. त्याबरोबर शेतसाऱ्यातली सूट, वीजबिलातली सवलत, पोरांची परीक्षा फी माफी, हे सगळं कुणाला मिळणार हेही बदललं. अर्थात मंडळही काही लहान नसतं. एकाच मंडळात डोंगर आणि माळ दोन्ही असले, तर तीच अडचण पुन्हा येते.

म्हणून मंडळी, पुढच्या ग्रामसभेत दोन गोष्टी मागूया. आपल्या मंडळाच्या पावसाचे दर महिन्याचे खांब, शेजारी त्याच महिन्याच्या सरासरीचा खांब, आणि ते कागद पंचायतीच्या फळ्यावर. दुसरं, धरणसाठा टीएमसीत. आणि ग्रुपवर रंगीत नकाशा आला की पुढे ढकलण्याआधी एवढं विचारा: हा आकडा कुठल्या भांड्यात मोजला, आणि ते भांडं माझ्या रानापासून किती लांब आहे?

तुमच्या गावाला सर्वात जवळचं पर्जन्यमापक कुठे आहे? माहीत असेल तर खाली लिहा. नावं जमली की आपणच एक टिंबांचा नकाशा काढू.