छातीवरचा फोन आणि चारचौघांतला आवाज

मोटोरोलाचे मार्टिन कूपर यांनी ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभं राहून हातातल्या फोनवरून पहिला कॉल केला. म्हणजे मोबाइलचा जन्मच चारचौघांत, बोलण्यासाठी झाला. पुढे ३ डिसेंबर १९९२ला ब्रिटनमध्ये पहिला एसएमएस गेला आणि हळूहळू लोक गर्दीतही गप्प राहून बोलायला शिकले. स्मार्टफोनच्या इतिहासात पडदा, कॅमेरा, इंटरनेट यांचं कौतुक होतं. मला ही शांतता जास्त मोलाची वाटते.

ती मोडायला निघालेलं यंत्र म्हणजे ह्युमेन कंपनीची एआय पिन. अ‍ॅपलमध्ये काम केलेले इम्रान चौधरी आणि त्यांच्या पत्नी बेथनी बोंजोर्नो यांनी ती आणली. (इम्रान हे नाव वाचून आपल्या मंडळींना थोडा आनंद होतोच, मलाही झाला.) पिन कपड्याला लावायची, बोट टेकवून बोलायचं. पडदा नाही, फार तर तळहातावर लेझरने अक्षरं उमटतात. किंमत ६९९ डॉलर, वर महिन्याला २४. एप्रिल २०२४मध्ये ती ग्राहकांच्या हाती पडली आणि २८ फेब्रुवारी २०२५ला बंदही झाली.

उत्तरं उशिरा येतात, चुकतात, पिन तापते, अशी टीका झाली. हे दोष उद्या जातील. तरी गर्दीत असं यंत्र फोनची जागा घेईल असं मला वाटत नाही. लोकलमध्ये खेटून उभं असताना ‘रक्ताचा रिपोर्ट वाच’, ‘अम्मीला पैसे पाठव’ हे मोठ्याने कसं सांगायचं? टाइप केलेलं माझ्यापुरतं राहतं, बोललेलं सगळ्या डब्याचं होतं. शिवाय ‘अम्मी’ म्हटलं की नाव विचारायची गरज उरत नाही. आजूबाजूला कोण आहे ते पाहून फोनवर उर्दूतून मराठीत येणारी माणसं मी पाहिली आहेत.

आवाजाची ताकद मी नाकारत नाही. माझ्या विद्यार्थ्यांच्या कितीतरी आया लिहीत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून निरोप पाठवतात, एकाच वाक्यात उर्दू आणि मराठी. उर्दू लिपी की देवनागरी, हा घोळ आम्हा शिक्षकांचा. त्यांना तो पडतच नाही. मात्र निरोप येतो तेव्हा मागे कुकरची शिट्टी ऐकू येते. एसटीत बसल्या की त्याच बाया फोन कानाला लावून नुसतं ऐकतात, उत्तर घरी गेल्यावर देतात.