नावेमागचे यंत्र

देगलूरहून समुद्र शेकडो मैल दूर. आमच्या मुलखाला ठाऊक असलेले पाणी म्हणजे लेंडी, मांजरा, गावोगावचे तलाव आणि उन्हाळ्यात तळ गाठणाऱ्या विहिरी. तेव्हा होडीमागे लावायच्या यंत्राचा इतिहास येथे कशाला, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्तच म्हणावा लागेल. परंतु ऑगस्ट २०२५मध्ये शेजारच्या मुखेड तालुक्यात लेंडीच्या पाण्याने हसनाळ, रावणगाव आदी गावे वेढली, माणसे दगावली आणि अडकलेल्यांना सोडवण्यासाठी बचाव पथकांना पाचारण करावे लागले. तेव्हापासून आम्हां कोरड्या मुलखातील माणसांनाही हा विषय परका राहिलेला नाही.

होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचे, दोरी ओढून सुरू करायचे आणि काम संपले की सोडवून खांद्यावरून घरी न्यायचे, असे हे यंत्र. 'आउटबोर्ड' हाच शब्द आपल्या किनाऱ्यावर रूढ झाला आहे. असे यंत्र बनवण्याचे प्रयत्न आधीही झाले होते. पण ते घरोघरी पोहोचवले ओले एव्हिनरूड या कारागिराने. १८७७ साली नॉर्वेत जन्मलेला हा मुलगा बालपणीच आईवडिलांसह अमेरिकेतील विस्कॉन्सिन प्रांतात गेला. १९०९ साली त्याने विक्रीस आणलेले यंत्र दीड अश्वशक्तीचे होते आणि त्याचे वजन सुमारे २८ किलो होते. तळ्यातल्या हलक्या वल्ह्याच्या होड्यांसाठी ते केलेले होते. हे ध्यानात ठेवावे, कारण पुढे आपल्याकडे हेच यंत्र जाळ्यांनी, माणसांनी आणि मासळीने लादलेल्या जड लाकडी नावेला जुंपले गेले. शंकरपटातला बैल नांगराला जोडावा तसाच हा प्रकार झाला.

योगायोग असा की केरळच्या किनाऱ्यावर मासेमारीचे यांत्रिकीकरण आले तेही नॉर्वेच्याच मदतीने. १९५३ साली कोल्लमजवळ नीण्डकरा येथे भारत-नॉर्वे प्रकल्प सुरू झाला. देशी नावांत इंजिन बसवण्याचा प्रयोग फारसा साधला नाही. मग नव्या बांधणीच्या बोटी आल्या, आणि कोळंबीला परदेशी भाव मिळू लागताच ट्रॉलर आले. गोव्यातही तेच घडले. किनाऱ्यालगत रापण ओढणाऱ्या रापणकारांच्या तोंडचा घास ट्रॉलरांनी हिरावला. मातान्ही सालढाणा यांच्या नेतृत्वाखाली सत्तरच्या दशकात रापणकार उठले, आणि १९८० साली गोव्यात सागरी मासेमारीच्या नियमनाचा कायदा झाला. मात्र ऐंशीच्या दशकात गोवा आणि केरळ या दोन्ही किनाऱ्यांवर पारंपरिक मच्छीमारांनी स्वतःच आउटबोर्ड यंत्रे घेतली. हा काही मोह नव्हता. मासळी दूर गेली होती आणि वल्ह्यांना तेथवर पोहोचणे अवघड झाले होते.

येथून पुढची कथा किनाऱ्यावरच्या मिस्त्रींची. त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न पंख्याचा होता. पंख्याच्या पात्यांना जो पीळ असतो, त्यावरून एका फेऱ्यात तो पाण्यात किती पुढे सरकेल हे ठरते. हलक्या होडीला जास्त पिळाचा पंखा वेग देतो. जड नावेला तोच लावला तर यंत्र दमते, पूर्ण फेरे घेत नाही, तापते आणि आत काजळी धरते. कमी पिळाचा पंखा बसवला की तेच जुने यंत्र नाव निमूटपणे ओढू लागते. यंत्र न उघडता होणारी ही सुधारणा आम्हांला सर्वांत शहाणपणाची वाटते.

दुसरा प्रश्न इंधनाचा. पेट्रोल महाग आणि सवलतीचे केरोसीन स्वस्त होते. पेट्रोलवर सुरू करून केरोसीनवर चालवायचे पाण्याचे पंप आपल्या शेतकऱ्यांनीही वापरले आहेत. समुद्रावरची युक्ती तीच. केरोसीन जास्त दाबाखाली अवेळी पेटते व इंजिन ठोके देऊ लागते, म्हणून दाब कमी ठेवावा लागतो. जपानी कंपन्यांनी अशी यंत्रे तयारच विकली. पेट्रोलच्या यंत्रावर हाच उपाय करायचा तर हेडखाली जाड किंवा जादा गॅस्केट घालून दाब उतरवायचा. त्यात ताकद थोडी घटते आणि प्लगवर काजळी साचते. बंद करण्यापूर्वी काही क्षण पुन्हा पेट्रोलवर चालवून कार्बोरेटर धुऊन काढला नाही, तर दुसऱ्या पहाटे दोरी ओढून हात दुखतात पण यंत्र बोलत नाही.

याउलट हेड घासून दाब वाढवणे, कार्बोरेटरचा जेट मोठा करणे हे शर्यतीचे उद्योग. सुधारणा म्हणजे वेग, ही समजूत केरळात महाग पडली. आरंभीची सात-आठ अश्वशक्तीची यंत्रे जाऊन २५ आणि ४० अश्वशक्तीची आली. मोठ्या जाळ्यांच्या नावांवर दोन-दोन, तीन-तीन यंत्रे चढली. शेजाऱ्याच्या आधी मासळीच्या थव्यापाशी पोहोचायचे, एवढ्यासाठी. समुद्रातली मासळी त्यामुळे वाढली नाही. इंधनाचा खर्च आणि त्यासोबत कर्ज तेवढे वाढले.

एव्हिनरूड यंत्रांचे उत्पादन २०२० साली बंद झाले. जुनी यंत्रे मात्र चिवट असतात. त्यांच्या प्रज्वलनाचे पॉइंट साफ करून अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास फट राखली आणि तेलाचे प्रमाण पाळले, तर ती वर्षानुवर्षे चालतात. फार जुन्या यंत्रांना २४ भाग पेट्रोलला १ भाग तेल लागे, नंतरच्यांना ५० भागांना १. प्रमाण चुकवून तेल वाचवणारा पिस्टन गमावतो.

पुराच्या नदीत काम करणाऱ्या यंत्राची गत निराळी. गाळाचे पाणी थंडाईच्या पंपातील रबरी चक्र झिजवते, आणि ते झिजले की यंत्र काही मिनिटांत तापून अडकते. शिवाय पुराच्या होडीचे यंत्र वर्षातील बहुतेक काळ कोठारात कोरडे पडून असते. रबर कडक होते, टाकीतले जुने पेट्रोल चिकट होऊन कार्बोरेटरची बारीक छिद्रे बुजवते. म्हणून मृगापूर्वीच ते बाहेर काढावे, रबरी चक्र बदलावे, ताजे पेट्रोल घालावे आणि पाण्याने भरलेल्या पिंपात बुडवून चालवून पाहावे. बाजूच्या छिद्रातून पाण्याची धार सतत पडत असली, तर ते यंत्र पुरात न्यावे.