'कॉल ऑफ द व्हॅली'मधली गिटार

१९६७ साली एच.एम.व्ही.ने 'कॉल ऑफ द व्हॅली' ही लाँगप्ले तबकडी काढली. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काब्रा आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. शर्मा आणि चौरसिया पुढे घराघरांत पोचले, काब्रा मागे राहिले. म्हणून या तबकडीची कथा सहसा संतूर-बासरीच्या जोडीची कथा म्हणून सांगितली जाते. मला ती अपुरी वाटते. या ध्वनिमुद्रणातले सर्वांत मोठे धाडस गिटारचे होते. मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी बार सरकवत वाजवलेली गिटार रागसंगीत पेलू शकते, हे आपल्या सामान्य श्रोत्याला पहिल्यांदा पटले ते इथेच.

ही वादनपद्धत हवाईत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजली. तिचे श्रेय बहुधा जोसेफ केकुकूंना दिले जाते. पण हवाईचे संगीतकार चार्ल्स किंग यांनी त्याआधीच्या एका माणसाचे नाव नोंदवून ठेवले आहे : गेब्रिएल डेव्हियन, भारतात जन्मलेला आणि एका जहाजाच्या कप्तानाने पळवून नेलेला. ही नोंद खरी धरली तर गिटारचा हा प्रवास परतीचा ठरतो. मात्र एका नोंदीवर एवढा इमला उभारू नये, आणि माझ्या मुद्द्याला त्याची गरजही नाही. अमेरिकेत १९०३च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर एक कृष्णवर्णीय माणूस तारांवर सुरी दाबून गिटार वाजवताना संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी यांनी ऐकला. ब्लूजच्या इतिहासात ती आठवण पायाभूत मानली जाते. आपल्याकडे ही गिटार आणली ती हवाईच्या ताऊ मो यांच्यासारख्या फिरत्या कलावंतांनी. पुढे मुंबईत व्हॅन शिप्ले यांनी तिच्यावर चित्रपटगीते वाजवून तिला लोकप्रिय केले. मात्र हीच लोकप्रियता तिच्या आड आली, कारण सिनेमाच्या चाली वाजवणारे वाद्य अशी तिची ओळख पक्की झाली.

वाद्य परदेशी, ते रागाला कसे चालेल, हा आक्षेप तेव्हा स्वाभाविक होता. पण आपल्या संगीताने परकेपणावरून वाद्ये नाकारलेली नाहीत. व्हायोलिन कधीच आपले झाले होते. पेटीवर आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत बंदी घातली, त्यामागचे एक मोठे कारण तिला मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे, आणि श्रुती काढता येत नाहीत हे होते. म्हणजे खरी कसोटी मींडेची. पडदे दाबून वाजवलेल्या गिटारमध्ये स्वर पायऱ्यांनी चढतो. बार सरकवला की पडद्यांचे बंधन उरत नाही. आता याच कसोटीवर 'कॉल ऑफ द व्हॅली' ऐकावी. संतूरचा स्वर उमटतो आणि विरतो, त्याला गळ्यासारखी मींड नाही. बासरी स्वर धरून ठेवते, पण तारेच्या झंकाराचे वजन तिला नाही. अहिर भैरवाचा कोमल ऋषभ लांबवून षड्जावर आणण्याचे काम गिटार करते. सरोदिये अली अकबर खाँ यांच्याकडे काब्रा शिकले होते, ते इथे ऐकू येते.

या तबकडीचे निर्माते जी. एन. जोशी होते, आणि मराठी वाचकाने हे नाव विसरू नये. ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' गाऊन भावगीताची वाट मोकळी करणारे गायक ते हेच. कवितेतला प्रसंग स्वरांत कसा उभा करायचा, हे त्यांना आधीपासून ठाऊक होते. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, अशी इथली कल्पना आहे : अहिर भैरव आणि नट भैरव, मग पिलू, भूप, देस, पहाडी. तीन-साडेतीन मिनिटांच्या जुन्या तबकडीवर असा दिवस मावलाच नसता. लाँगप्लेची एक बाजू वीस मिनिटांच्या आसपास चालते. एक दृढ समज असा की हे रागसंगीत नव्हे, चित्रदर्शी हलके संगीत आहे. आलाप आखूड आहेत, विस्तार मोजका आहे, हे मी मान्य करतो. पण रागाला प्रहर असतो ही आपलीच धारणा आहे, आणि जोशींनी तबकडीचा क्रम तिच्यावरच बेतला. श्रोत्यांनीही तिला उदंड प्रतिसाद दिला. परदेशात जॉर्ज हॅरिसनसारखे कलावंत तिचे चाहते झाले.

मग हिला आपल्याकडची ब्लूजची तबकडी म्हणावे का? हात तोच आहे, आशय तो नाही. ३ डिसेंबर १९२७ रोजी डॅलसमध्ये ब्लाइंड विली जॉन्सन या अंध, दरिद्री कृष्णवर्णीय गायकाने सरकत्या गिटारबरोबर नुसते हुंकार भरत एक भक्तिगीत मुद्रित केले. १९७७ साली व्हॉयेजर यानांतून ते अवकाशात गेले. इकडे १९२७च्याच डिसेंबरच्या २५ तारखेला महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. चवदार तळ्याचे पाणी त्याच वर्षी २० मार्चला ओंजळीत घेतले गेले होते. ब्लूजमागची वेदना महाराष्ट्रात शोधायची तर ती महाडनंतर उभ्या राहिलेल्या भीमराव कर्डकांसारख्यांच्या आंबेडकरी जलशांत सापडेल. मेंढपाळाच्या रम्य दिवसात ती शोधणे हा त्या जलशांवर अन्याय होईल. ब्लूजशी या गिटारचे नाते तंत्राचे आहे, पण ते खरे आहे. काब्रांचे शिष्य देबाशिष भट्टाचार्य यांनी ते तंत्र पुढे नेले. सप्टेंबर १९९२ मध्ये सांता बार्बराच्या एका चॅपेलमध्ये विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर, फारशी ओळख किंवा तालीम नसताना, समोरासमोर वाजवायला बसले. एकाची गिटारपासूनच घडवलेली मोहनवीणा, दुसऱ्याच्या बोटावर ब्लूजचा बॉटलनेक. 'अ मीटिंग बाय द रिव्हर' १९९३ मध्ये आली, पुढच्या वर्षी तिला ग्रॅमी मिळाले. दोघांनाही एकमेकांची मींड समजावून घ्यावी लागली नाही.