आलेखाची भाषा आणि विल्यम प्लेफेअर

मागे एकदा आमच्या चिरंजिवांनी शाळेच्या वहीत एक आलेख काढला. वर्गातील मुलांच्या मातृभाषा कोणत्या, याची त्यांनी मोजदाद केली होती. परप्रांतातून बदलून आलेल्या नोकरदारांच्या वसाहतीजवळची ती शाळा. तेव्हा हिंदी, बंगाली, तमिळ, मराठी अशा अनेक भाषा त्या एका वर्गात नांदत होत्या. आडव्या अक्षावर भाषा आणि उभ्या अक्षावर मुलांची संख्या, इथवर सारे यथास्थित होते. परंतु पुढे त्यांनी सारे बिंदू पट्टीने एकमेकांस जोडून टाकले. "बंगाली आणि तमिळ यांच्या मधोमध, या रेघेवर, कोणती भाषा बोलतात?" असे आम्ही विचारले. ते क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, "पण बाबा, तापमानाच्या आलेखात तर बिंदू जोडतातच ना?" प्रश्न रास्त होता. त्याचे नीट उत्तर देण्यासाठी आम्हांला सुमारे अडीचशे वर्षे मागे जावे लागले.

आज शाळेत शिकविले जाणारे रेषालेख, स्तंभालेख आणि वृत्तालेख हे तिन्ही प्रकार ज्याने रूढ केले, तो विल्यम प्लेफेअर १७५९ साली स्कॉटलंडमध्ये जन्मला. लहानपणीच पितृछत्र हरपल्याने त्याचे शिक्षण थोरला बंधू जॉन याच्या देखरेखीखाली झाले. हा जॉन पुढे गणितज्ञ म्हणून नावाजला. त्याने धाकट्या भावाला तापमापकावरील अंक नित्य टिपून ठेवण्यास आणि त्यांतील चढउतार रेषांनी दाखविण्यास लावले. आपल्या कल्पनेचे मूळ या धड्यात आहे, असे प्लेफेअरने पुढे कृतज्ञतेने नमूद केले. तरुणपणी तो बर्मिंगहॅम येथे वाफेच्या यंत्राच्या जेम्स वॉटचा साहाय्यक व आरेखक होता. हाताला रेखाटनाचे वळण तेथे लागले असल्यास नवल नाही.

१७८६ साली त्याने इंग्लंडच्या व्यापाराचा एक 'ॲटलास' प्रसिद्ध केला. नाव नकाशासंग्रहाचे; पण आत देश नव्हते, होत्या आयात आणि निर्यात यांच्या वर्षानुवर्षांच्या रेषा. वाचकाला ही भाषा सर्वस्वी नवी, हे ओळखून त्याने एक दृष्टांत योजला. एखाद्या व्यापाऱ्याने दिवसभराच्या मिळकतीच्या गिन्या रोज सायंकाळी एकावर एक रचून ठेवल्या, तर त्या ढिगांची उंचीच त्याच्या धंद्याची हकिकत सांगेल. आपले आलेख म्हणजे असे ढीग कागदावर उतरविलेले, एवढेच. आलेख शिकविण्याचा याहून सुबोध मार्ग आम्हांला तरी ठाऊक नाही.

या ग्रंथात एकच आलेख वेगळ्या जातीचा होता, आणि तो जन्मला अडचणीतून. स्कॉटलंडच्या व्यापाराचे अनेक वर्षांचे आकडे प्लेफेअरला मिळेनात. हाती होते ते १७८० च्या नाताळपासून १७८१ च्या नाताळपर्यंतचे, एका वर्षाचे. काळच नाही, तर काळाची रेषा कशी ओढावी? म्हणून त्याने १७ देशांशी चाललेली आयात-निर्यात आडव्या पट्ट्यांनी दाखविली. खुद्द त्याला ही आकृती उणीच वाटली; परंतु आजचा स्तंभालेख तो हाच. चिरंजिवांच्या प्रश्नाचे उत्तरही येथेच आहे. काल आणि आज यांच्या मध्ये काळ वाहत असतो, म्हणून तापमानाचे बिंदू जोडता येतात; रशिया आणि आयर्लंड यांच्या मध्ये, किंवा बंगाली आणि तमिळ यांच्या मध्ये, तसे काही वाहत नसते.

१८०१ च्या 'स्टॅटिस्टिकल ब्रेव्हिअरी'त त्याने राज्यांचा विस्तार वर्तुळांनी दाखविला आणि तुर्की साम्राज्याचे वर्तुळ आशिया, युरोप व आफ्रिका असे वाटून वृत्तालेखाची प्रथा सुरू केली. याच ग्रंथाला हिंदुस्थानातील सत्तांचेही असेच दर्शन जोडलेले आहे. त्या साली दिल्लीवर शिंद्यांचा अंमल होता आणि पुण्यास पेशव्यांची गादी होती. १८०३ साली दिल्ली गेली, १८१८ साली पेशवाई. वर्तुळ एका क्षणाची वाटणी चोख सांगते. तो क्षण कोणीकडे चालला आहे, हे मात्र ते सांगू शकत नाही.

खुद्द या आचार्याचीही आकृती सावधपणे वाचावी लागते. १८२१ साली त्याने अडीचशे वर्षांतील गव्हाचे भाव आणि कारागिराची मजुरी एकाच चौकटीत मांडली. मजुरीच्या मानाने गहू पूर्वी कधीही इतका स्वस्त नव्हता, हे त्याला सांगावयाचे होते. परंतु डोळ्यांत भरतात ते गव्हाचे उंच स्तंभ! भावाला मजुरीने भागण्याचे काम त्याने वाचकावर सोडले होते. कचेरीत आमच्यापुढेही कधी असे स्तंभ येतात, ज्यांचा उभा अक्ष शून्यापासून सुरू होतच नाही; मग चिमूटभर वाढ डोंगराएवढी दिसते आणि तिच्या आधारे शेरा लिहिला जातो. आकडे खरे, प्रमाणही कोपऱ्यात लिहिलेले. चूक असते ती न वाचणाऱ्याची.

प्लेफेअरने लिहून ठेवले आहे की, फ्रान्सच्या सोळाव्या लुईने हे आलेख पाहिले आणि ते सर्व भाषा बोलतात, असा अभिप्राय दिला. परभाषेच्या मुलखात संसार थाटणाऱ्या आम्हां मंडळींना हे वाक्य गोड वाटावे, यात आश्चर्य नाही. तथापि सर्व भाषा बोलणाऱ्याचे बोलणेही समजून घ्यावे लागते, आणि ते शिकविण्याची वेळ वही शाळेची असते तेव्हाच.

चिरंजिवांनी रबराने ती रेघ पुसली आणि स्तंभ काढले. मराठीचा स्तंभ सर्वांत आखूड आला, एकाच मुलाचा. तो थोडा उंच काढावा काय, असे त्यांनी विचारले. आम्ही म्हटले, "नाही. आहे तेवढाच काढा. पण नीट, ठळक काढा."